रक्तवाहिनीभोवतालच्या सौम्य गाठी : नव्या रेसिडेंटने वर्गीकरण कसं करावं

पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षात एक स्लाइड प्रत्येकाच्या ट्रेमध्ये कधी ना कधी येते. नखाखालून काढलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा. फॉर्मवर एकच ओळ : डाव्या अनामिकेचं टोक दुखतं, सहा वर्षं. रेसिडेंट थेट हाय पॉवर लावतो, एकसारख्या गोल पेशी बघतो आणि 'नीव्हस' (तीळ) लिहून मोकळा होतो. पेशी त्याने बरोबर पाहिल्या. त्या कुणाच्या भोवती बसल्या आहेत, तेवढं पाहायचं राहिलं.

या लेखात मला तेच सांगायचं आहे. त्वचेतल्या आणि त्वचेखालच्या ज्या गाठी रक्तवाहिनीच्या बाहेरच्या थरातून उगवतात, त्यांची नावं रक्तवाहिनीशी असलेल्या नात्यावरून ठरतात. इम्युनोचे, म्हणजे अँटिबॉडी लावून पेशीतली प्रथिनं ओळखण्याचे, रंग नंतर साक्षीला येतात. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो, आणि त्या बोटाच्या मालकिणीचं दुखणं आणखी काही वर्षं लांबतं. लेख पॅथॉलॉजीच्या नव्या रेसिडेंटसाठी आहे. त्वचारोगाचे विद्यार्थी वाचत असतील तर पहिल्या दोन पायऱ्या त्यांच्याही कामाच्या आहेत.

आधी पेशीची ओळख

केशवाहिनीच्या आत एंडोथेलियमचं अस्तर असतं. त्या अस्तराला बाहेरून बिलगून, त्याच बेसमेंट मेम्ब्रेनच्या (अस्तराखालच्या पातळ पडद्याच्या) घडीत, लांब हातांच्या पेशी बसलेल्या असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रूजे यांनी १८७३ मध्ये त्यांचं वर्णन केलं. 'पेरिसाइट' हे नाव त्यांना त्सिमरमान यांनी १९२३ मध्ये दिलं. वाहिनी जसजशी मोठी होते, तसतशा या पेशी हळूहळू अनैच्छिक स्नायूच्या पेशींत मिसळत जातात. इथून इथपर्यंत पेरिसाइट आणि इथून पुढे स्नायू, अशी रेघ मारता येत नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण या गाठींच्या वर्गीकरणातला बहुतेक गुंता इथेच सुरू होतो. पेशींमध्ये रेघ नसेल, तर गाठींमध्ये ती कुठून येणार?

याच घराण्यातली तिसरी पेशी म्हणजे ग्लोमस पेशी. बोटांच्या टोकाशी, विशेषतः नखाखाली, धमनी आणि शीर यांना केशवाहिन्यांना वळसा घालून थेट जोडणारे छोटे मार्ग असतात. त्यांना सूके-होयर नलिका म्हणतात. त्या नलिकेभोवती गोल, स्नायूसारखं आकुंचन पावणाऱ्या पेशींचे थर असतात. थंडीत त्या नलिका आवळतात, उष्णतेत सैल सोडतात. शरीराचं तापमान राखण्याचं हे काम. पियेर मासाँ यांनी १९२४ मध्ये दाखवून दिलं, की बोटातली ती छळणारी गाठ याच रचनेसारखी आहे. गाठीचं वर्णन त्याआधीही झालं होतं. १८१२ मध्ये वुड यांनी 'त्वचेखालची वेदनादायी गुठळी' अशा अर्थाच्या नावाने ती नोंदवली होती. वेदना तेव्हाही नावातच होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मृदुऊतींच्या गाठींच्या वर्गीकरणात, म्हणजे २०२० च्या पाचव्या आवृत्तीत, 'पेरिसिटिक' गटात ग्लोमस ट्यूमर, मायोपेरिसायटोमा, मायोफायब्रोमा आणि अँजिओलायोमायोमा एवढेच येतात. मायोफायब्रोमा आता मायोपेरिसायटोमाच्याच छत्राखाली धरला जातो. अँजिओलायोमायोमाला या घरात २०१३ च्या आवृत्तीत जागा मिळाली. त्याआधी तो अनैच्छिक स्नायूंच्या गाठींमध्ये बसायचा. म्हणून जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून वाचलंत तर तो दोन वेगळ्या प्रकरणांत सापडेल. पुस्तक चुकलेलं नाही, विचार पुढे गेला आहे.

हीमँजिओमा या गटात येत नाही, हेही इथेच लक्षात घ्या. तो अस्तराच्या पेशींचा, म्हणजे वाहिनीच्या आतल्या बाजूचा. आपल्या गाठी बाहेरच्या बाजूच्या.

पहिली पायरी : स्लाइडच्या आधी फॉर्म वाचा

फॉर्म रिकामा आला तर वॉर्डात किंवा ओपीडीत फोन करा. रुग्णाचं वय, गाठीची जागा, किती दिवसांची, दुखते का, गार लागल्यावर जास्त दुखते का, एकच आहे की अनेक, घरात आणखी कुणाला आहे का. या सात प्रश्नांत अर्धं निदान होतं.

नखाखालच्या ग्लोमस ट्यूमरची तीन लक्षणं जगभरच्या पुस्तकांत आहेत : ठणका, एका बिंदूवर दाबलं की असह्य वेदना, आणि गारवा न सोसणं. आपल्याकडची बाई हे वेगळ्या शब्दांत सांगते. भांडी घासताना गार पाणी लागलं की कोपरापर्यंत कळ जाते. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढायची तरी दुसऱ्या हाताने काढते. बोट पदराला लागलं तरी डोळ्यात पाणी येतं. बाहेरून काहीच दिसत नाही, एक्स-रे बहुतेकदा साफ असतो, आणि मग घरचेही म्हणू लागतात की हे मनाचं दुखणं आहे. माझ्या स्वतःच्या पाहण्यातल्या एका रुग्णेला तर वर्षानुवर्षं मानेच्या मणक्याची औषधं दिली गेली होती. गाठ निघाली त्याच रात्री ती शांत झोपली, असं तिच्या मुलीने सांगितलं. हे ऐकल्यापासून नखाखालचा एकही तुकडा मी घाईत वाचलेला नाही.

क्लिनिकमध्ये करण्याच्या तीन सोप्या तपासण्या आहेत. टाचणीच्या डोक्याने नखावर जागोजागी दाबत जायचं, नेमक्या एका बिंदूवर रुग्ण हात ओढून घेतो. ही लव्ह यांची चाचणी. दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधून हातातला रक्तपुरवठा थांबवला की त्याच बिंदूवरची वेदना निघून जाते आणि पट्टा सोडला की परतते. ही हिल्ड्रेथ यांची. तिसरी म्हणजे बोट गार पाण्यात बुडवून पाहणं. नखावर निळसर ठिपका किंवा मुळापासून टोकापर्यंत लाल उभी रेघ दिसू शकते, कधी नख टोकाशी चिरतं. एमआरआयमध्ये छोटी गाठही उजळ दिसते. फॉर्मवर यातलं काही लिहून आलं तर पॅथॉलॉजिस्टचं काम हलकं होतं, म्हणून त्वचारोगाच्या मित्रांनो, लिहीत जा.

वयाचं महत्त्व वेगळं सांगायला हवं. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर, मानेवर किंवा अंगावर टणक गाठ असेल तर मायोफायब्रोमा आधी आठवा. चाळिशी-पन्नाशीच्या बाईच्या पिंढरीवर किंवा घोट्याजवळ दुखरी, त्वचेखाली हलणारी गाठ असेल तर अँजिओलायोमायोमा. मध्यम वयात हातापायाच्या टोकाकडे, हळूहळू वाढलेली, न दुखणारी गाठ असेल तर मायोपेरिसायटोमाही यादीत ठेवा. हे अंदाज आहेत, निकाल नव्हेत. पण अंदाज घेऊन मायक्रोस्कोपवर बसणारा माणूस आणि कोऱ्या मनाने बसणारा माणूस यांना एकाच स्लाइडमध्ये वेगवेगळ्या गोष्टी दिसतात.

दुसरी पायरी : ग्रॉसिंग

ग्रॉसिंग म्हणजे आलेला तुकडा उघड्या डोळ्यांनी तपासून, मोजून पुढे पाठवणं. इथे थोडक्यात, पण गंभीरपणे. नखाखालचा तुकडा तीन-चार मिलिमीटरचा असतो, कधी दोन-तीन कणांत येतो. तो कॅसेटच्या जाळीतून निसटला तर रुग्णाची शस्त्रक्रिया वाया गेली असंच समजा. बाटलीच्या झाकणाच्या आत पाहा, बाटलीतल्या गॉजच्या घडीत पाहा. तुकडा फिल्टर पेपरमध्ये गुंडाळा आणि इओसिनचा एक थेंब टाका, म्हणजे एम्बेडिंग करणाऱ्या टेक्निशियनला पांढऱ्या मेणात तो गुलाबी दिसेल. ब्लॉक, म्हणजे मेणाचा ठोकळा, पहिल्यांदा कापतानाच दोन-तीन न रंगवलेले सेक्शन इम्युनोसाठी बाजूला ठेवायला सांगा. नंतर पुन्हा ब्लॉक लावून सपाट करताना सगळा ऊतक संपून जातो, हा अनुभव बहुतेक प्रयोगशाळांना आहे.

मोठी गाठ असेल तर तिचं सर्वांत मोठं माप लिहायला विसरू नका आणि ती त्वचेत आहे, त्वचेखालच्या चरबीत आहे की स्नायूच्या आवरणाच्या आत, तेही नोंदवा. दोन सेंटिमीटर हा आकडा पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी : लो पॉवरवर वाहिनी शोधा

४x वर थांबा. मोह होईल, तरी थांबा. स्वतःला दोनच प्रश्न विचारा. गाठीत रक्तवाहिन्या कशा आहेत? आणि गाठीच्या पेशी त्या वाहिन्यांशी कशा वागतात?

पातळ केशवाहिन्यांभोवती गोल पेशींची गळपट्टी, तीच पुढे पसरून चादर झालेली, असं दिसलं तर ग्लोमस. पातळ भिंतीच्या, फाटे फुटलेल्या वाहिन्यांभोवती लांबट पेशी एकामागून एक वर्तुळं घालत असतील, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी, तर मायोपेरिसायटोमा. गाठीत फिकट आणि गडद असे दोन प्रदेश असतील, फिकटात स्नायूसारख्या गाठोळ्या आणि गडदात फांद्यांसारख्या वाहिन्या, तर मायोफायब्रोमा. जाड भिंतीच्या शिरा असतील आणि त्यांच्या भिंतींतले स्नायू बाहेर ओघळून मधल्या जागेतल्या स्नायूंत मिसळून गेले असतील, तर अँजिओलायोमायोमा.

हे चारही नमुने एकाच गाठीत थोडे थोडे भेटू शकतात. मायोपेरिसायटोमाच्या कोपऱ्यात ग्लोमससारखा भाग असतो, अँजिओलायोमायोमात कांद्यासारखी वर्तुळं असतात. घाबरू नका. ग्रँटर, बादिझादेगान आणि फ्लेचर यांनी १९९८ मध्ये या गाठी एकाच पट्ट्यावरच्या आहेत असं मांडलं, आणि आज तीच समजूत मान्य आहे. जो भाग जास्त तो नावाला द्या, उरलेला वर्णनात लिहा.

चौथी पायरी : ग्लोमस नीट ओळखा

या गाठीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण ती वारंवार येते आणि वारंवार चुकते.

हाय पॉवरवर ग्लोमस पेशी गोल असते, तिची कड स्वच्छ दिसते, मधोमध पंचने कापल्यासारखं गोल केंद्रक असतं, आणि केंद्रकाभोवती फिकट गुलाबी पेशीद्रव्य. पेशी पेशीला ओळखता येते, जणू फरशीवर एकेक टाइल बसवली आहे. हा एकसारखेपणा ही तिची खूण. आजूबाजूचा ऊतक कधी पाणीदार, निळसर, म्हणजे मिक्सॉइड असतो, तर कधी घट्ट गुलाबी. बारीक नसा आणि मास्ट पेशीही दिसतात. पेशी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की मधल्या केशवाहिन्या चिरडून जातात आणि म्हणूनच नवखा माणूस फसतो. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर थोडा खाली घ्या, प्रकाश कमी करा, चादरीत बारीक फटी दिसू लागतील. त्या फटींच्या काठावर चपटी केंद्रकं दिसली की ती एंडोथेलियमची. वाहिनी सापडली.

मग उपप्रकार. पेशींची चादर जास्त आणि वाहिन्या बारीक असतील तर घन ग्लोमस ट्यूमर. बहुतेक, म्हणजे ढोबळमानाने चारांपैकी तीन, याच प्रकारचे. फुगलेल्या शिरा आणि त्यांच्या भिंतीत ग्लोमस पेशींच्या एक-दोन ओळी असतील तर ग्लोमँजिओमा. गोल पेशी हळूहळू लांबट होत स्नायूत बदलत असतील तर ग्लोमँजिओमायोमा. हा सर्वांत विरळा.

गाठी अनेक असतील तर प्रश्न वेगळा होतो. अंगावर निळसर, किंचित उंचवटे असलेले चट्टे, लहानपणापासूनचे, वडिलांना किंवा आत्यालाही तसेच, असं असेल तर ते ग्लोमुव्हेनस मालफॉर्मेशन असू शकतं. ग्लोम्युलिन नावाच्या जनुकातल्या दोषामुळे होणारा, प्रबळ वारशाने पुढे जाणारा हा प्रकार. साध्या शिरांच्या विकृतीसारखा दिसतो, पण दाबल्यावर पूर्ण रिकामा होत नाही आणि दाबल्यावर दुखतो. हे ओळखणं व्यवहारात महत्त्वाचं आहे : शिरांच्या इतर विकृतींना घट्ट मोजे, पट्टे देतात, इथे त्यांनी वेदना वाढते. दुसरी शक्यता न्यूरोफायब्रोमॅटोसिस १ या जनुकीय आजाराची. एकाहून अधिक बोटांत ग्लोमस असेल तर रुग्णाच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का, ते पाहायला क्लिनिशियनला सुचवा.

नावाचा एक सापळाही आहे. कानामागे, मानेतल्या जुग्युलर शिरेच्या तोंडाशी होणाऱ्या गाठीला जुनी पुस्तकं 'ग्लोमस जुग्युलरे' म्हणतात. ती पॅरागँग्लिओमा आहे, चेतासंस्थेच्या पेशींची, आपल्या ग्लोमसशी तिचं काही नातं नाही. लॅटिनमध्ये ग्लोमस म्हणजे सुताची गुंडी. दोन वेगळ्या गुंड्यांना एकच नाव पडलं एवढंच. कान-नाक-घशाच्या विभागातून 'ग्लोमस' असं लिहून तुकडा आला की आधी विचारा, कुठला.

पाचवी पायरी : मायोपेरिसायटोमा आणि मायोफायब्रोमा

मायोपेरिसायटोमा स्वच्छ कडांचा असतो. लांबट किंवा अंडाकृती, गुलाबी पेशीद्रव्याच्या पेशी वाहिन्यांभोवती गोल फेर धरतात. वाहिनीचं अस्तर आणि गाठीची पेशी यांच्यात दुसरं काही येत नाही. कधी अख्खी गाठ एका शिरेच्या आतच वाढलेली सापडते. ते पाहून 'रक्तवाहिनीत घुसली आहे' असं लिहू नका. ती तिथेच जन्मली आहे.

मायोफायब्रोमाची गंमत त्याच्या दोन प्रदेशांत आहे. मुलांमध्ये सहसा कडेला फिकट, निळसर-गुलाबी, जवळजवळ कूर्चेसारख्या दिसणाऱ्या गाठोळ्या आणि मध्यभागी गडद, गोलसर, कमी वाढलेल्या पेशी, त्यांच्यात फाटे फुटलेल्या वाहिन्या. मोठ्यांमध्ये ही मांडणी विस्कटते, उलटीही होते. तान्ह्या मुलाच्या गाठीत मधोमध मृत भाग, चुना, थोडीफार पेशीविभाजनं आणि वाहिनीच्या आत वाढ दिसली तरी ती सौम्यच असते. नवख्या माणसाचा हात सार्कोमा (मृदुऊतींचा कर्करोग) लिहायला इथेच उचलतो. वय पाहा, दोन प्रदेश पाहा, मग लिहा.

त्वचेतल्या एकट्या मायोफायब्रोमाचा शेवट चांगला असतो, अनेक गाठी काही काळाने आपोआप विरघळतातही. पण अनेक ठिकाणी गाठी असतील, आणि त्यातही फुप्फुस, हृदय किंवा आतड्यात असतील, तर बाळाच्या जिवाला धोका असतो. म्हणून रिपोर्टमध्ये 'इतरत्र गाठी आहेत का ते तपासावे' ही ओळ बालरोगतज्ज्ञांसाठी लिहायलाच हवी. घराण्यात चालत आलेल्या काही रुग्णांत पीडीजीएफआरबी जनुकात बदल सापडतो, हे २०१३ मध्ये कळलं. एकट्यादुकट्या मायोफायब्रोमात आणि मायोपेरिसायटोमातही पुढे याच जनुकातले बदल मिळाले. दोघांना एका छत्राखाली आणण्याला त्याने बळ आलं.

सहावी पायरी : अँजिओलायोमायोमा

ही गाठ ओळखायला सोपी. त्वचेखाली, दोन सेंटिमीटरच्या आत, गोल, स्वच्छ कडा. हाचिसुगा आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ५६२ गाठींचा अभ्यास मांडला. तोच आजही या विषयाचा पाया आहे. त्यांच्या रुग्णांत निम्म्याहून अधिक जणांना वेदना होती आणि पायावर झालेल्या गाठी बायकांत जास्त होत्या. घन, शिरेसारखा आणि कॅव्हर्नस असे तीन प्रकार धरले जातात. उपचार तिन्हींचा एकच, त्यामुळे उपप्रकारावर फार वेळ घालवू नका.

एकच फरक मात्र डोळ्यांत तेल घालून करा : पायलर लायोमायोमाशी. केसाच्या मुळाशी असलेल्या स्नायूतून होणारी ती गाठ त्वचेत वरच्या थरात, विस्कटलेल्या कडांनी पसरते आणि तिच्यात जाड भिंतीच्या शिरा नसतात. तीही दुखते, तीही स्नायूची. पण अनेक पायलर लायोमायोमा असलेल्या रुग्णाच्या घरात फ्युमरेट हायड्रेटेज जनुकाचा दोष आणि त्यातून मूत्रपिंडाचा कर्करोग असू शकतो. अँजिओलायोमायोमा लिहून तिथे थांबलात तर त्या घराला इशारा मिळत नाही.

सातवी पायरी : इम्युनो, मोजकी आणि विचारपूर्वक

रुग्ण बहुधा स्वतःच्या खिशातून पैसे देतो, आणि ऊतकही थोडा असतो. म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग अँटिबॉडी मागवा.

स्मूथ मसल ॲक्टिन (स्नायूतलं प्रथिन) या चारही गाठींत लागतो, म्हणजे रंगतो. त्यामुळे चारांत फरक करायला त्याचा उपयोग नाही. घराणं कोणतं, तेवढं तो सांगतो, तेही एकट्याने नाही, कारण मायोफायब्रोब्लास्ट असलेली कुठलीही गाठ तो रंगवतो. डर्मॅटोफायब्रोमाही. स्लाइडवरच्या निरोगी वाहिन्यांच्या भिंती रंगल्या आहेत ना, ते आधी पाहा, तुमचा कंट्रोल तिथेच आहे. डेस्मिन (हेही स्नायूचं प्रथिन) अँजिओलायोमायोमात लागतो, बाकीच्यांत सहसा नाही किंवा तुरळक. कॅल्डेस्मॉन ग्लोमस, मायोपेरिसायटोमा आणि अँजिओलायोमायोमात मिळतो, मायोफायब्रोमात बहुधा नसतो. बेसमेंट मेम्ब्रेन दाखवणारा कोलॅजेन ४ लावला तर ग्लोमसच्या प्रत्येक पेशीभोवती वेगळी चौकट दिसते. मासे पकडायच्या जाळ्याच्या एकेका घरात एकेक पेशी असावी तसं. इतकं देखणं चित्र क्वचित मिळतं, आणि अडलेल्या वेळी तेच निदान पक्कं करतं. इम्युनोची सोय नसेल तर पीएएस किंवा रेटिक्युलिन या साध्या रंगांनीही ही चौकट बऱ्यापैकी दिसते. लहान गावातल्या प्रयोगशाळेने हे विसरू नये.

सीडी३१ किंवा ईआरजी मागवलंत तर फक्त अस्तर रंगेल, गाठीच्या पेशी कोऱ्या राहतील. ती नकारात्मक साक्षही मोलाची आहे.

आठवी पायरी : तोतये बाजूला काढा

ग्लोमसचे तोतये म्हणजे गोल पेशींच्या गाठी. नीव्हसमध्ये पेशी पुंजक्यांत असतात, खोल जाताना लहान होत जातात, आणि एस-१०० व सॉक्स-१० या अँटिबॉडी लागतात. स्पायरॅडिनोमा (घामाच्या ग्रंथीची गाठ) हाही दुखतो, लो पॉवरवर निळ्या चेंडूसारखा दिसतो, पण त्यात फिकट आणि गडद अशा दोन पेशी, मध्ये विखुरलेले लिम्फोसाइट आणि कुठेतरी बारीक नळी असते, आणि केराटिन लागतं. ग्लोमसला यांतलं काहीच लागत नाही. त्वचेबाहेरची एक आठवण करून देतो : जठरातल्या ग्लोमसमध्ये सिनॅप्टोफायझिन लागू शकतं आणि कार्सिनॉइडचा (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठीचा) भास होतो. त्या वेळी ॲक्टिन आठवा.

लांबट पेशींच्या बाजूला सर्वांत मोठा तोतया म्हणजे एक जुनं नाव. स्टाउट आणि मरे यांनी १९४२ मध्ये 'हीमँजिओपेरिसायटोमा' मांडला. सांबराच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या वाहिन्या दिसल्या की पुढची कित्येक दशकं हेच निदान व्हायचं. आज कळतं, की शिंगांसारख्या वाहिन्या हा नुसता नमुना आहे. तो सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये असतो, सायनोव्हियल सार्कोमात असतो, मायोफायब्रोमातही असतो. त्या नावाखाली जमा झालेल्या बहुतेक मृदुऊतींच्या गाठी सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ठरल्या. २०१३ मध्ये त्यांच्यात एनएबी२ आणि स्टॅट६ या जनुकांचा जोड सापडला. तेव्हापासून केंद्रकात स्टॅट६ लागलं की प्रश्न मिटतो. गंमत अशी, की 'पेरिसाइटची गाठ' असं नाव मिरवणाऱ्या त्या गाठीत पेरिसाइटच नव्हते, आणि खऱ्या पेरिसाइटच्या गाठींना वेगळीच नावं पडली. तुमच्या रिपोर्टमध्ये तो जुना शब्द निदान म्हणून कधीही येऊ देऊ नका.

नववी पायरी : सौम्य लिहिण्याआधी

या गाठी जवळजवळ सगळ्या सौम्य असतात. तरी ग्लोमसच्या बाबतीत तपासणी ठरलेली आहे. फोल्पे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निकष मांडले, त्यांत खोल जागा आणि दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा आकार हे दोन्ही एकत्र असणं पुरेसं मानलं होतं. २०२० च्या वर्गीकरणात घातक म्हणायला एकतर ठळक केंद्रकविकृतीसोबत पेशीविभाजन लागतं, मग ते कितीही असो, किंवा विचित्र आकाराची विभाजनं लागतात. नुसता आकार आणि खोली यांवर आता 'अनिश्चित घातकता' एवढंच लिहिलं जातं. जुन्या निकषांवर शिकलेले सीनियर आणि नव्या आवृत्तीवर शिकलेले तुम्ही यांच्यात वाद झाला तर कारण हे असेल. रिपोर्टमध्ये कोणत्या आवृत्तीचे निकष लावले ते लिहा, वाद तिथेच संपेल.

केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी आहेत, पण विभाजन एकही नाही, आकार लहान आहे, जागा वरची आहे, असा ग्लोमस भेटला तर तो 'सिम्प्लास्टिक'. गाठ म्हातारी झाल्याची ती खूण. एक पूर्ण ब्लॉक शांतपणे पाहून, विभाजन खरंच नाही अशी खात्री करून मगच हे नाव द्या.

शेवटी रिपोर्ट

निदान पहिल्या ओळीत, उपप्रकारासह. मग माप, खोली, कडा. मग चिंतेच्या खुणा आहेत की नाहीत, एका वाक्यात. इम्युनो केली असेल तर काय लागलं आणि काय लागलं नाही, दोन्ही. अनेक गाठी असतील तर कुटुंबाची तपासणी सुचवणारी ओळ.

कडांबद्दल प्रामाणिक राहा. नखाखालचा ग्लोमस तुकड्यांत आला असेल तर 'कडा पूर्ण मोकळ्या' असं लिहिता येणार नाही, 'तुकड्यांमुळे कडा सांगता येत नाहीत' असंच लिहावं लागेल. गाठीचा कण मागे राहिला तर दुखणं तसंच राहतं किंवा काही महिन्यांनी परत येतं. शस्त्रक्रियेनंतरही बोट दुखत असल्याची तक्रार घेऊन ती बाई परत आली, तर सर्जन तुमचा रिपोर्ट उघडून हीच ओळ शोधेल, आणि तिला मनाचं दुखणं म्हणून परत पाठवायचं की पुन्हा एमआरआय करायचा, ते त्यावरून ठरवेल.